एकाच यानाच्या नोंदींतून सौरवातातील संक्षोभ कसा मोजावा

सूर्याच्या प्रभामंडलातून सतत बाहेर वाहणारा सौरवात ही चुंबकित प्लाझ्मातील (विद्युतभारित कणांच्या वायूतील) संक्षोभाचा, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेल्या अनियमित हालचालींचा, अभ्यास करण्यासाठी आपल्याला लाभलेली सर्वांत मोठी प्रयोगशाळा आहे. तेथील चुंबकीय क्षेत्राच्या आणि वेगाच्या दशकानुदशकांच्या नोंदी कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. पदवी स्तरावरचे भौतिकशास्त्र आणि थोडे पायथन येत असेल, तर त्या नोंदींपासून संक्षोभाविषयी जबाबदारीने काही विधान करण्यापर्यंत कसे जावे, हे या लेखात मांडले आहे. या विषयात नव्याने येणारे बहुतेक जण स्पेक्ट्रम (चढउतारांची शक्ती वारंवारतेनुसार कशी विभागली आहे याचा आलेख) काढतात, लॉग-प्रमाणात त्याचा उतार उणे ५/३ च्या आसपास आलेला पाहतात आणि संक्षोभ सापडला असे समजतात. माझ्या मते तो उतार हा पुराव्याचा केवळ एक भाग आहे. नोंदींचा कालखंड कसा निवडला, काळाचे अंतरात रूपांतर कोणत्या आधारावर केले आणि त्याच नोंदींनी आणखी कोणत्या कसोट्या पार केल्या, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

आधी आकडे मनात पक्के करावेत

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या एल-१ बिंदूपाशी सौरवाताचा वेग साधारणपणे सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर असतो. एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे ५ प्रोटॉन, चुंबकीय क्षेत्र सुमारे ५ नॅनोटेस्ला आणि तापमान सुमारे १ लाख केल्विन, हे तेथील नेहमीचे आकडे आहेत. क्षेत्राची तीव्रता नॅनोटेस्लात घेऊन तिला २१.८ ने गुणावे आणि घनसेंटिमीटरमधील प्रोटॉनसंख्येच्या वर्गमूळाने भागावे, म्हणजे आल्फवेन वेग (चुंबकीय बलरेषांवरून जाणाऱ्या तरंगांचा वेग) सेकंदाला किलोमीटरमध्ये मिळतो. वरील आकड्यांसाठी तो ४९ येतो, म्हणजे प्रवाहाच्या वेगाच्या साधारण एक अष्टमांश. अशा क्षेत्रात प्रोटॉन बलरेषेभोवती ज्या वर्तुळात फिरतो त्याची त्रिज्या ८० ते १०० किलोमीटर भरते. उलट, एका कणाची दुसऱ्याशी प्रत्यक्ष टक्कर होण्याआधी तो जे अंतर कापतो ते पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या तोलाचे असते.

या शेवटच्या आकड्यावर थोडे थांबावे. पाण्यात किंवा हवेत मोठे भोवरे लहान भोवऱ्यांत मोडत जातात आणि अखेरीस श्यानता त्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते. सौरवातात टकराच जवळजवळ होत नसल्यामुळे नेहमीच्या अर्थाची श्यानता तेथे नाही. तरीही सुमारे १० लाख किलोमीटरच्या हालचालींतील ऊर्जा पायरीपायरीने १०० किलोमीटरपर्यंत उतरते आणि तेथे कणांच्या परिभ्रमणाशी तिचा संबंध येतो. चार दशगुणी पायऱ्यांचा हा पट्टा एकाच यानाच्या नोंदींत सलग पाहायला मिळतो, आणि या विषयाचे मोठे आकर्षण मला त्यातच वाटते.

सिद्धान्ताची एवढी ओळख सुरुवातीला पुरे. कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये साध्या द्रवातील स्पेक्ट्रमसाठी उणे ५/३ हा घातांक दिला. १९६० च्या दशकात इरोश्निकोव आणि क्राइखनान यांनी, चुंबकीय क्षेत्रात परस्परविरुद्ध दिशांनी जाणारे आल्फवेन तरंग एकमेकांवर आदळूनच ऊर्जा खाली उतरवतात हे ध्यानात घेऊन, उणे ३/२ सुचवला. १९९५ मध्ये गोल्डराइख आणि श्रीधर यांनी दाखवले, की क्षेत्राच्या आडव्या दिशेत ऊर्जा जास्त सहजपणे उतरते आणि म्हणून लहान होत जाणाऱ्या भोवऱ्यांची लांबी क्षेत्राच्या दिशेत अधिकाधिक ताणली जाते. पुढे जे काही मोजायचे आहे त्याला या तीन विचारांची पार्श्वभूमी आहे.

कालखंडाची निवड

नासाच्या गोडार्ड केंद्राच्या सीडीएवेब या संकेतस्थळावरून विंड, एस, पार्कर सोलर प्रोब इत्यादी यानांच्या नोंदी मिळतात आणि पायस्पेडास या पायथन संचातून त्या थेट उतरवता येतात. इस्रोच्या आदित्य-एल१ यानावर चुंबकत्वमापी असून सौरवातातील कण मोजणारी उपकरणेही आहेत. त्याच्या नोंदी इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावरून दिल्या जातात. पहिल्या प्रयत्नासाठी मी विंडची शिफारस करेन. ते १९९४ मध्ये सोडले गेले, २००४ पासून एल-१ पाशी आहे, आणि चुंबकीय क्षेत्र व प्लाझ्मा या दोहोंच्या त्याच्या नोंदी दीर्घ काळ वापरून चांगल्या पारखल्या गेल्या आहेत. ओम्नी हे लोकप्रिय संकलन मात्र या कामासाठी टाळावे. त्यातील मिनिटामिनिटाच्या नोंदी वेगवेगळ्या यानांच्या असतात आणि पृथ्वीपुढील धनुष्याकार आघाताच्या (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापुढे सौरवात जेथे एकदम मंदावतो त्या सीमेच्या) टोकापर्यंत काळात सरकवलेल्या असतात. अंतराळ हवामानासाठी ते सोयीचे आहे, परंतु या सरकवण्यामुळे लहान काळांवरील चढउतारांची मूळ रचना बिघडते.

कालखंड निवडताना दोन गरजा एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात. सरासरी विश्वासार्ह व्हायची तर कालखंडात अनेक सहसंबंध-काळ (एवढ्या अवधीनंतरच्या चढउतारांचा आधीच्यांशी संबंध उरत नाही) मावले पाहिजेत. एल-१ पाशी हा काळ साधारण तासाभराच्या घरातला असल्यामुळे एका दिवसाच्या नोंदीत जेमतेम वीस-पंचवीस स्वतंत्र नमुने मिळतात. दुसरीकडे कालखंड लांबवत गेल्यास वेगवान आणि मंद प्रवाह एकमेकांत मिसळतात, आणि मग जे मोजले जाते ते कोणत्याच प्रवाहाचे नसते. म्हणून आधी आठवडाभराच्या वेगाचा, घनतेचा आणि क्षेत्राच्या तिन्ही घटकांचा आलेख काढून तो डोळ्यांनी नीट पाहावा. आंतरग्रहीय आघात, प्रभामंडलातून झालेल्या मोठ्या उत्सर्जनाचे ढग आणि क्षेत्राची दिशा उलटवणारी प्रवाहपत्राची (विद्युतप्रवाहाच्या पातळ थराची) सीमा ज्यात नाही, असा एक ते दोन दिवसांचा तुकडा निवडावा. त्याचे चार भाग करून प्रत्येकाची सरासरी आणि प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) काढावे. ती आपसांत फार भिन्न असतील तर दुसरा तुकडा शोधावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढच्या चुकांपैकी निम्म्या येथेच टळतात.

रिकाम्या जागांकडेही लक्ष असावे. सीडीएफ प्रकारच्या फायलींत जेथे नोंद नसते तेथे बहुधा उणे १ आणि त्यापुढे ३१ शून्ये असा आकडा भरलेला असतो. तो काढून न टाकता गणित केले तर सगळे उत्तर त्या एका आकड्याचेच होते. काही सेकंदांच्या फटी सरळ रेषेने जोडायला हरकत नाही. मात्र जोडलेला भाग एकूण नोंदींच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जाऊ लागला, की स्पेक्ट्रमचे वरचे टोक कृत्रिमपणे खाली झुकते.

काळापासून अंतराकडे

यान एकाच ठिकाणी बसून काळानुसार बदलणारी नोंद घेते, तर सिद्धान्त अंतराबद्दल बोलतो. या दोहोंतला पूल म्हणजे टेलर यांचे १९३८ चे गृहीतक. प्रवाह इतका वेगाने पुढून जातो की तेवढ्या अवधीत भोवऱ्यांचा आकार बदलत नाही, असे त्यात धरले जाते. एखाद्या पुलावर उभे राहून खालून वेगाने वाहत जाणारे भोवरे मोजावेत तसे हे आहे. प्रवाहाचा वेग भागिले वारंवारता म्हणजे तरंगलांबी. सेकंदाला ४०० किलोमीटरच्या वाऱ्यात १ हर्ट्झ म्हणजे ४०० किलोमीटर, आणि एक सहस्रांश हर्ट्झ म्हणजे ४ लाख किलोमीटर.

हे गृहीतक आपल्या कालखंडाला लागू पडते की नाही, हे दर वेळी तपासून लिहावे. आल्फवेन वेग प्रवाहाच्या वेगाच्या एक पंचमांशाहून कमी असेल, तर मोठ्या मापांपुरती चिंता नाही. सूर्याजवळ परिस्थिती बदलते. पार्कर सोलर प्रोबने २८ एप्रिल २०२१ रोजी ज्या पृष्ठाच्या आत प्रथम प्रवेश केला, त्याच्या आत आल्फवेन वेगच प्रवाहाच्या वेगाहून जास्त असतो. तेथे यानाचा स्वतःचा आडवा वेगही हिशेबात घ्यावा लागतो. २४ डिसेंबर २०२४ च्या सर्वांत जवळच्या फेरीत तो सेकंदाला सुमारे १९० किलोमीटर होता. सूर्याजवळच्या नोंदींवर या लेखातील कृती जशीच्या तशी चालवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

स्पेक्ट्रम काढताना

क्षेत्राच्या तिन्ही घटकांचे स्पेक्ट्रम वेगवेगळे काढून त्यांची बेरीज करावी. केवळ क्षेत्राच्या तीव्रतेचा स्पेक्ट्रम घेणे पुरेसे नाही, कारण सौरवातात, विशेषतः वेगवान प्रवाहात, क्षेत्राची दिशा खूप डोलते पण तीव्रता जवळजवळ स्थिर राहते. बेरजेचे संपूर्ण वारंवारतांवरील क्षेत्रफळ हे तिन्ही घटकांच्या प्रचरणांच्या बेरजेइतके आले पाहिजे. हा ताळा जुळत नसेल तर प्रमाणकात कोठेतरी २ चा किंवा नमुना-काळाचा गुणक सुटलेला असतो.

वेल्च यांची पद्धत येथे उपयोगी पडते. तिच्यात नोंदीचे एकमेकांवर अर्धे सरकलेले तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यातून सरळ रेषेचा कल काढून टाकतात, तुकड्याला दोन्ही टोकांशी शून्यावर येणाऱ्या हान खिडकीने गुणतात आणि मग सर्वांच्या स्पेक्ट्रमची सरासरी घेतात. सरासरीची गरज यासाठी, की एकट्या तुकड्यातील प्रत्येक बिंदूची अनिश्चितता त्या बिंदूच्या मूल्याएवढीच असते. नोंद लांबवली तरी ती कमी होत नाही. स्वतंत्र तुकड्यांची संख्या वाढवली तरच ती त्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते.

खिडकीची गरज अधिक सूक्ष्म आहे. तुकड्याची सुरुवात आणि शेवट जुळत नसतील, तर गणिताला तेथे एक उडी दिसते, आणि एका उडीचा स्पेक्ट्रम उणे २ उताराने खाली जातो. मूळ नोंदीचा उतार उणे ५/३ असेल तर ही गळती फारशी जाणवत नाही. परंतु प्रोटॉनच्या परिभ्रमण-त्रिज्येच्या खालच्या मापांवर खरा उतार उणे २.८ च्या जवळ असतो. खिडकी न लावता काढलेल्या स्पेक्ट्रममध्ये तो कधीच दिसणार नाही, कारण त्यापेक्षा मंद उतरणारी गळती त्याला झाकून टाकते. त्याचप्रमाणे कालखंडात एखादा मोठा आघात राहिला असेल, तर संपूर्ण स्पेक्ट्रमच उणे २ कडे झुकतो आणि संक्षोभाशी त्याचा काहीही संबंध नसतो.

एल-१ पाशी नीट काढलेल्या स्पेक्ट्रमचे साधारण तीन भाग दिसतात. सर्वांत कमी वारंवारतांवर, विशेषतः वेगवान प्रवाहात, तो उणे १ उताराने मंद खाली येतो. हा भाग ऊर्जेचा साठा समजला जातो. त्यानंतर एक सहस्रांशापासून साधारण एक दशांश हर्ट्झपर्यंत उणे ५/३ चा पट्टा लागतो, आणि ०.३ ते ०.५ हर्ट्झच्या सुमारास स्पेक्ट्रम एकदम जास्त उतरू लागतो. या मोडाचे अंतर लगेच तपासावे. सेकंदाला ४०० किलोमीटरच्या वाऱ्यात ०.४ हर्ट्झ म्हणजे १,००० किलोमीटरची तरंगलांबी, आणि तिला दोन पायने भागल्यास १६० किलोमीटर येतात. हा आकडा प्रोटॉनच्या परिभ्रमण-त्रिज्येच्या तोलाचा आहे, म्हणजेच मोड अपेक्षित ठिकाणी आला. तरीही विंडच्या नोंदींत येथे एक सापळा आहे. हे यान दर ३ सेकंदांनी स्वतःभोवती एक फेरी घेते आणि त्या फिरण्याची खूण ०.३३ हर्ट्झवर, म्हणजे नेमकी मोडाजवळ, आणि तिच्या पटींवर उमटू शकते. एस यानाची फेरी १२ सेकंदांची असल्यामुळे त्याची खूण ०.०८३ हर्ट्झवर पडते. अगदी वरच्या टोकाला स्पेक्ट्रम सपाट होऊ लागला, तर तो उपकरणाचा गोंगाट समजावा आणि त्याच्या बऱ्याच आधी थांबावे.

उतार काढण्यापूर्वी बिंदू लॉग-प्रमाणात समान अंतरावर आणावेत. नाहीतर उच्च वारंवारतांवरचे असंख्य बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतात. उणे ५/३ आणि उणे ३/२ यांतील फरक केवळ ०.१६७ आहे, म्हणजे वारंवारता दहापट होताना शक्तीत पडणारा फरक दीडपटीहूनही किंचित कमी. तो ओळखायचा तर किमान दोन दशगुणी पायऱ्यांचा स्वच्छ पट्टा आणि लहान अनिश्चितता हवी. एकच रेषा बसवून थांबण्याऐवजी वारंवारतेनुसार बदलणारा स्थानिक उतारही काढावा. तो जेथे खरोखर सपाट राहतो तेवढ्याच पट्ट्यासाठी घातांक सांगावा.

वेगाच्या नोंदी जोडाव्यात

केवळ चुंबकीय क्षेत्र पाहून अर्धीच गोष्ट कळते. क्षेत्राचे चढउतार घनतेच्या मदतीने वेगाच्या एककांत बदलावेत. घनता मोजताना हीलियमची केंद्रकेही धरावीत, कारण संख्येने ४ टक्के असली तरी वस्तुमानात ती १६ टक्के भर घालतात. रूपांतरासाठी क्षणोक्षणीची घनता घेण्याऐवजी काही तासांची सरासरी घनता घेणे मला योग्य वाटते, म्हणजे कण मोजणाऱ्या उपकरणाचा गोंगाट क्षेत्राच्या स्वच्छ नोंदीत शिरत नाही.

आता वेगात हे रूपांतरित क्षेत्र एकदा मिळवावे आणि एकदा वजा करावे. एल्सेसर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या या दोन राशी विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या आल्फवेन तरंगांचे प्रतिनिधित्व करतात. क्षेत्राच्या दिशेने जाणाऱ्या तरंगात वेग आणि क्षेत्र यांचे चढउतार परस्परविरोधी असतात. त्यामुळे क्षेत्र सूर्यापासून दूर रोखलेले असेल तर वजाबाकीची राशी बाहेर जाणारे तरंग दाखवते, आणि क्षेत्र सूर्याकडे रोखलेले असेल तर बेरजेची. क्षेत्राची दिशा पाहून चिन्ह ठरवणे येथे अनिवार्य आहे. शिवाय पृथ्वीकेंद्री निर्देशांकपद्धतीत पहिला अक्ष सूर्याकडे जातो आणि सौरवाताचा वेग त्यात ऋण येतो, तर सूर्यकेंद्री पद्धतीत पहिला अक्ष सूर्यापासून बाहेर जातो. दोन नोंदी वेगवेगळ्या पद्धतींत असतील तर सारे उत्तर उलटे पडते.

बेल्चर आणि डेव्हिस यांनी १९७१ मध्ये मरिनर ५ च्या नोंदींवरून दाखवले, की वेगवान प्रवाहात बाहेर जाणारे तरंग फार वरचढ असतात. आपल्या कालखंडात दोन्ही राशींच्या ऊर्जांतील फरक भागिले त्यांची बेरीज हे गुणोत्तर काढून पाहावे. ते १ च्या अगदी जवळ असेल तर आपल्यापुढे मुख्यतः एकाच दिशेने जाणारे तरंग आहेत, आणि विरुद्ध तरंगांच्या टकरीवाचून ऊर्जा खाली उतरत नाही हे लक्षात ठेवून निष्कर्ष बेताने काढावा. वेगाचा स्पेक्ट्रम बहुधा क्षेत्राच्या स्पेक्ट्रमहून थोडा सपाट, उणे ३/२ च्या जवळ, येतो आणि चुंबकीय ऊर्जा गतिज ऊर्जेहून काहीशी जास्त भरते. हा गणितातील दोष समजून दुरुस्त करण्याच्या मागे लागू नये. सौरवात पृथ्वीजवळ तसाच आहे.

दिशेनुसार उतार बदलतो का हे पाहायचे असल्यास संपूर्ण दिवसाची सरासरी दिशा उपयोगाची नाही. प्रत्येक मापावर, त्या मापाच्या आसपासच्या नोंदींवरून, स्थानिक सरासरी क्षेत्र वेव्हलेटच्या (काळात मर्यादित असलेल्या छोट्या तरंगांच्या) साहाय्याने ठरवावे लागते. तसे केल्यावर क्षेत्राच्या दिशेत उणे २ च्या जवळचा आणि आडव्या दिशेत उणे ५/३ च्या जवळचा उतार वेगवान प्रवाहात आढळलेला आहे. एल-१ पाशी क्षेत्र प्रवाहाशी सरासरी ४५ अंशांचा कोन करत असल्यामुळे समांतर दिशेचे नमुने थोडे मिळतात आणि त्यासाठी बराच लांब कालखंड लागतो.

उताराच्या पलीकडची कसोटी

आता या लेखातील माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मोजलेल्या नोंदीचे फूरिये रूपांतर घ्यावे, प्रत्येक वारंवारतेचा आयाम तसाच ठेवून कला यदृच्छ आकड्यांनी बदलावी आणि उलट रूपांतर करून नवी नोंद तयार करावी. या बनावट नोंदीचा स्पेक्ट्रम मूळ नोंदीसारखाच, त्याच उताराचा असतो, पण तिच्यात भोवरे नाहीत, प्रवाहपत्रे नाहीत, ऊर्जेचे उतरणे नाही. स्पेक्ट्रम या दोन नोंदींत फरक करू शकत नाही. त्यामुळे केवळ त्याच्या बळावर संक्षोभाचे विधान करता येत नाही.

फरक दिसतो तो वाढींच्या वितरणात. ठरावीक कालांतराने घेतलेल्या दोन नोंदींतील फरक घेऊन त्याचे चौथे प्रमाणित परिबल काढावे. गाउसच्या वितरणासाठी ते ३ असते. खऱ्या नोंदीत तासाभराच्या अंतरासाठी ते ३ च्या आसपास येते आणि अंतर सेकंदांकडे आणत गेल्यास वाढत जाते, कारण लहान मापांवर ऊर्जा सर्वत्र सारखी न पसरता विरळ पण तीव्र पत्रांत एकवटते. बनावट नोंदीत ते सर्व अंतरांवर ३ च्या जवळच राहते. दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढावेत. स्पेक्ट्रमपेक्षा हा आलेख मला अधिक बोलका वाटतो. तीव्र वाढींच्या जागा नोंदीत खुणेने दाखवून त्याच वेळचे प्रोटॉनचे तापमान पाहिले, तर तापलेला प्लाझ्मा बहुधा या पत्रांच्या आसपास आढळतो.

ऊर्जा किती दराने उतरते

याचा ढोबळ अंदाज लगेच घेता येतो. मोठ्या मापावरील चढउतार सेकंदाला २० किलोमीटर आणि ते माप १० लाख किलोमीटर धरले, तर चढउताराचा घन भागिले अंतर म्हणजे एका किलोग्रॅममागे सेकंदाला ८,००० ज्यूल. अधिक नेमका मार्ग पोलितानो आणि पूके यांनी १९९८ मध्ये दिलेल्या तृतीय क्रमाच्या नियमाचा. त्यात एका एल्सेसर राशीच्या प्रवाहाच्या दिशेतील वाढीला दुसऱ्या राशीच्या वाढीच्या वर्गाने गुणून सरासरी घेतात. ती अंतराच्या सरळ प्रमाणात यायला हवी, आणि तिच्यातून उणे ४/३ या गुणकाने दर मिळतो. काळातून अंतराकडे जाताना प्रवाहाच्या दिशेमुळे हे चिन्ह बदलते, ही गोष्ट आज्ञावली लिहितानाच टिपून ठेवावी.

हा नियम वापरताना घाई फार महागात पडते. तिसऱ्या घाताच्या सरासरीत धन आणि ऋण पदे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात आणि उरलेला लहानसा शेष आपण मोजत असतो. एका दिवसाच्या नोंदीतून आलेले चिन्हसुद्धा भरवशाचे नसते. एकाच प्रकारच्या प्रवाहाचे अनेक कालखंड घेऊन त्यांची सरासरी काढावी, आणि नोंदीतील सर्वांत तीव्र काही वाढी वगळल्यावर उत्तर किती हलते हे पाहावे. ते पूर्णपणे बदलत असेल तर दर सांगू नये. पृथ्वीजवळ हा दर एका किलोग्रॅममागे सेकंदाला साधारण १,००० ते १०,००० ज्यूलच्या घरात मिळालेला आहे. बाहेरून उष्णता मिळाली नाही, तर पसरणाऱ्या सौरवाताचे तापमान सूर्यापासूनच्या अंतराच्या उणे ४/३ घाताने घटायला हवे. हेलिऑस यानांनी सत्तरच्या दशकात दाखवले, की प्रोटॉन त्याहून बरेच सावकाश थंड होतात. संक्षोभातून उतरणारी वरील ऊर्जा ही तफावत भरून काढण्याइतकी आहे. म्हणून आपला दर मिळाल्यावर त्याच कालखंडातील प्रोटॉनच्या तापमानावरून लागणारा उष्णतेचा दर स्वतंत्रपणे काढावा आणि दोन्ही आकडे, त्यांच्या अनिश्चिततांसह, एकाच तक्त्यात शेजारीशेजारी द्यावेत.